घरात बाळ आणि मांजर असताना सक्युलंट लावताय? आधी हे वाचा

ताई, घरात बाळ आणि मांजर आहे, तर सक्युलंट (जाड पानं-खोडात पाणी साठवणारी झाडं) लावू का, असं विचारलंत. बिनधास्त लावा, फक्त सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळा. नवीन लोक पाणी किती, ऊन किती एवढंच विचारतात, पण झाड कुठलं आहे हे विचारतच नाहीत.

सगळ्यात जपून राहायचं ते युफोर्बियापासून, म्हणजे पेन्सिल कॅक्टस (आपला शेर), त्रिधारी निवडुंग वगैरे. फांदी तुटली की पांढरा चीक येतो, तो कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. मी एकदा छाटणी करून तसाच हात डोळ्याला लावला, रात्रभर आग आग आणि दोन दिवस नीट दिसत नव्हतं. ग्लोव्हज घाला, नंतर साबणाने हात धुवा. डोळ्यात गेलाच तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, घरगुती उपाय नकोत.

मांजरीसाठी :
- कलांचो, पानफुटी नको. हृदयावर परिणाम करणारं विष असतं त्यात.
- जेड आणि कोरफडीनेही उलट्या होतात.
- हॉवर्थिया, एचेव्हेरिया चालतील, यांनीच सुरुवात करा.

फड्या निवडुंगाचे मऊ दिसणारे बारीक काटे मोठ्या काट्यांपेक्षा त्रासदायक, बाळाच्या हाताला येईल तिथे ठेवूच नका. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

नर्सरीवाल्याकडून नाव विचारून कुंडीवर लिहून ठेवा, कोणी पान खाल्लंच तर डॉक्टर आधी तेच विचारतील.