माकडतापाच्या भागात काजूला जाताय?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या काजूबागांत पहिल्यांदाच जात असाल तर आधी एवढं समजून घ्या: माकडताप हा विषाणूचा ताप सहसा माकडाच्या अंगावरून थेट येत नाही, तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. त्याचा विषाणू 1957 साली कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. आजारी वानर किंवा माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पाचोळ्यात उतरतात. त्यामुळे मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. साधारण 50 मीटरच्या घेरात कीटकनाशक भुकटी मारतात.

गुरं सहसा या तापाने आजारी पडत नाहीत, म्हणूनच लोक गाफील राहतात. पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि अंडी घालतात. चावणारी पिल्लं टाचणीच्या डोक्याएवढी, डिसेंबर ते मेपर्यंत जोरात. म्हणजे नेमका काजूचा हंगाम!

पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं तेल). पाचोळ्यावर बसू नका. घरी येताच गरम पाण्याने अंघोळ; काखा, जांघा तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. 3 ते 8 दिवसांत अचानक ताप, डोकेदुखी आली तर जंगलात गेल्याचं डॉक्टरांना सांगा. अ‍ॅस्पिरिन मात्र नको, रक्तस्राव वाढतो.