बेन एय: 1010 मीटरच्या आकड्यावर जाऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या शेवटी तिघं जण ग्लासगोहून गाडीनं स्कॉटलंडच्या वायव्येला टॉरिडनला तीन दिवसांसाठी जाताय. कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग झालेले आहेत. बेन एयचा सर्वोच्च माथा 1010 मीटर, मग सकाळी तो उरकून दुपारी हरणं आणि गरुड बघता येतील का?

नाही जमणार. डोंगराला आणि प्राण्यांना वेगवेगळे दिवस द्या. तीन दिवसांतला चांगल्या हवेचा दिवस धारेसाठी ठेवा आणि बाकीचे दोन खाली, सावकाश.

आधी उंचीचं बघू. बारीतून कळसूबाईला निघता तेव्हा गावच मुळात बऱ्याच उंचीवर असतं. इथे गाडी लावायची जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम 100 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढायची. पूर्ण फेरी साधारण 18 किलोमीटरची, आणि मधले चढउतार धरून चढ 1200 मीटरच्या आसपास. इथले लोक नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा हिशेब वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. त्यानं साडेपाच-पावणेसहा तास येतात, पण तो हिशेब धड वाटेचा आहे. बेन एयवर सुट्या दगडांचा घसारा आहे, त्यामुळे आठ ते नऊ तास धरा. त्या दिवसांत उजेड साधारण सकाळी सात ते संध्याकाळी सात, म्हणून आठला पाय वाटेवर हवेत.

वाट ए-896 रस्त्यावरच्या कॉरी डू मोरच्या वाहनतळावरून सुरू होते. लिअखाक आणि बेन एय या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीतून ती वर जाते. दगडी पायवाट चांगली बांधलेली आहे. पुढे ओढा दगडांवरून ओलांडायचा असतो. रात्रभर पाऊस झाला असेल आणि ते दगड पाण्याखाली गेले असतील, तर तिथूनच मागे फिरा. सह्याद्रीतल्या पावसाळी ओढ्यासारखं पाणी तासाभरात उतरेल या भरवशावर थांबू नका, इथली पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, माती पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. त्यानंतर वाट फुटते. डावीकडची लिअखाकच्या मागे जाते, उजवीकडची आपली. ती साल वोरच्या सोंडेला वळसा घालून धबधब्याच्या बाजूनं कॉरी विक एराखर या दरीतल्या तळ्यावर आणते. इथवर अडीच-तीन तास.

तळ्याच्या मुखाशी बसा आणि समोरचे तीन बुरूज नीट बघा. खालचा थर टॉरिडनच्या तांबूस वाळूच्या खडकाचा, सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीचा. वरचा पांढुरका थर क्वार्ट्‌झाइटचा, पन्नास-पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याची वाळू घट्ट होऊन झालेला. रस्त्यावरून लोकांना ते बर्फ वाटतं. या क्वार्ट्‌झाइटच्या काही थरांत रुपयापेक्षा लहान गोल ठिपके दिसतात आणि तुटलेल्या बाजूला त्यांच्याच उभ्या नळ्या. वाळूत राहणाऱ्या प्राण्यांची ती बिळं आहेत. तांबडा खडक बुटाला छान पकडतो. पांढरा मात्र धारदार तुकड्यांत फुटतो आणि ओला झाला की निसरडा होतो. या डोंगराचा सगळा त्रास त्या पांढऱ्या थरात आहे.

पुढे जायचं की नाही, हा निर्णय तळ्याशीच घ्या. बारा वाजून गेले असतील, ढग बुरुजांच्या खाली आला असेल किंवा वाऱ्यात नीट उभं राहता येत नसेल, तर आल्या वाटेनं परत या. तळ्यापर्यंतचा दिवसही भरगच्च होतो. त्याला अर्धवट ट्रेक समजू नका.

पुढे गेलात तर तळ्याच्या डाव्या काठानं दरीच्या टोकाला, आणि तिथून घसाऱ्याच्या नाळेनं खिंडीत. नाळेत एकामागे एक अंतर ठेवून चढू नका. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्यापर्यंत पोचेस्तोवर वेग धरतो. एकमेकांना चिकटून चला, नाहीतर एक जण आडोशाला पोचल्यावर दुसऱ्यानं निघा. नाळ उतरणं चढण्यापेक्षा वाईट आहे, म्हणून पुढचा भाग जमेल याची खात्री नसेल तर ती चढूच नका. खिंडीतून उत्तरेला रुअ स्टाख मोर, म्हणजे 1010 मीटरचा माथा. तो करून खिंडीत परत या, कोन्याख वोरच्या खांद्यावर चढा आणि पूर्वेची धार धरा. धुक्यात घोटाळा इथेच होतो. पश्चिमेची धार साल वोरकडे जाते, ती आपली नव्हे. खांद्यावर थांबून होकायंत्रानं दिशा पक्की करा, मगच पाऊल टाका.

दुसरा माथा स्पीजन कॉरी नान क्लाख, 993 मीटर. सर्वेक्षणाचा खांब दिसला म्हणजे माथा आला असं नाही, तो खांबाच्या पलीकडे, थोडा वर आहे. त्याच्या पुढे ब्लॅक कार्ल्सचे सुळके लागतात. तिकडे हात वापरून चढावं लागतं, जाऊ नका. खांबाशी परत येऊन दक्षिणेला कॉरी अन लॉईमध्ये उतरा. पहिला टप्पा उभा आणि मुरमाड आहे, मग शिकाऱ्यांची जुनी वाट मिळते. रस्त्याला लागल्यावर गाडीपर्यंत अजून अडीच किलोमीटरच्या आसपास डांबरावरून चालायचं आहे, ते वेळेत धरा.

बुरुजांखालच्या घसाऱ्यात विमानाचे तुकडे दिसतील. मार्च 1951 मध्ये इथे लँकेस्टर विमान कोसळलं आणि आतले आठही जण गेले. त्यातलं काहीही उचलू नका.

सह्याद्रीत भिजायची सवय असते, पण तो पाऊस कोमट असतो. इथे पायथ्याला 12 अंश असेल तर धारेवर 6, आणि ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला ते शून्याच्या आसपास जाणवतं. भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर असेल तर हायपोथर्मिया (शरीराचं तापमान धोकादायक उतरणं) व्हायला बर्फ लागत नाही. एखादा अडखळायला लागला, बोलणं जड झालं, थंडी वाजायची एकदम थांबली, तर ती धोक्याची खूण आहे. लोकरी किंवा सिंथेटिक आतला थर, शिवणी बंद केलेलं जॅकेट, वरून घालायची रेनपँट, हातमोज्यांचे दोन जोड, टोपी, हेडटॉर्च, शिट्टी आणि प्रत्येकाला नारंगी प्लास्टिकची सर्व्हायव्हल बॅग (अडचणीत आत शिरून ऊब धरायची पिशवी) हवी. खाणं हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल असं घ्या: चिक्की, लाडू, सुकामेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर 433 हा कागदी नकाशा घ्याच, दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. मेट ऑफिस या ब्रिटनच्या हवामान खात्याचा डोंगरी हवामान अंदाज आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा बघा. माथ्यावर ताशी 60 किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचे झोत सांगितले असतील तर धार रद्द.

आता प्राणी. धारेवर एकच मोठं आकर्षण आहे, टार्मिगन. तितराएवढा, पायाच्या बोटांपर्यंत पिसं असलेला पक्षी. वर्षात तीनदा पिसं बदलतो. सप्टेंबरात पाठ करडी, ठिपकेदार, दगडासारखीच, पोट आणि पंख पांढरे. तो उडून जात नाही, दगड होऊन बसतो, त्यामुळे चालता चालता दिसणं कठीण. खिंडीत दहा मिनिटं थांबा, 8x42 दुर्बिणीनं घसारा पट्ट्यापट्ट्यानं बघा, आणि दगडात काळाभोर डोळा शोधा. आधी आवाज येतो, कोरडा आणि घशातून खरवडल्यासारखा.

रेड डिअरसाठी वर जायची गरजच नाही. आपल्या सांबराच्या कुळातलं हे हरीण. सप्टेंबरच्या शेवटी माज सुरू होतो आणि नरांच्या डरकाळ्या पहाटे आणि तिन्हीसांजेला दरीत घुमतात. वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला बसा, क्षितिजरेषेवर उभे राहू नका, आणि माजावरच्या नरापासून निदान 100 मीटर लांब राहा. याच दिवसांत, 20 ऑक्टोबरपर्यंत, शिकारीचाही भर असतो. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं डोंगरावर कुठूनही जबाबदारीनं चालता येतं, तरी वाहनतळावरच्या सूचना वाचा आणि ठरलेल्या वाटा सोडू नका.

विजेच्या खांबावर बसलेला ‘गरुड’ बहुधा बझर्ड, म्हणजे गरुडाहून लहान शिकारी पक्षी, असतो. इथले लोक त्याला प्रेमानं ‘पर्यटकांचा गरुड’ म्हणतात. गोल्डन ईगल धारेच्या वर, पंख किंचित वर उचलून, न फडफडवता तरंगतो. शेपूट लांब, पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर. फळीसारखे सरळ रुंद पंख आणि आखूड पांढरी शेपूट असेल तर तो समुद्रगरुड. तो ब्रिटनमधून नामशेष झाला होता, 1975 पासून नॉर्वेहून पिल्लं आणून परत वसवला.

दुसरा दिवस लॉख मरी या तळ्याच्या काठच्या ग्लास लेटिरहून निघणाऱ्या माउंटन ट्रेलला द्या. साडेसहा किलोमीटर, 550 मीटरपर्यंत चढ, तीन-चार तास. बेन एय हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र, 1951 चं, आणि ते जाहीर झालं ते इथल्या जुन्या पाइनच्या रानासाठी. हरणं पाइनची रोपं शेंडा फुटताच खातात, म्हणून त्यांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते. गुडघाभर रोपं दिसली तर जरूर थांबा, ती तिथे टिकणं ही या रानातली सगळ्यात चांगली बातमी आहे. त्यांच्यावर पाय पडू देऊ नका.

मिज नावाची चिलटं सप्टेंबरअखेर कमी होतात, पण वारा पडला तर येतात. ताशी दहा-बारा किलोमीटर वारा असला की त्यांना उडता येत नाही, म्हणून डबा वाऱ्यावर बसून खा. गोचीड मात्र वाऱ्याला दाद देत नाहीत. पँट मोज्यात खोचा, आणि रात्री गुडघ्यामागे, कमरेपाशी, जांघेत तपासा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या महिनाभरात तिथे गोल पसरणारा लाल चट्टा आला तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची शंका सांगून डॉक्टरांकडे जा.

अडचण आली तर 999 ला फोन करून आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. संदेशानं मदत मागण्यासाठी आजच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत 999 वर पाठवून नोंदणी करून ठेवा, कारण बोलण्यापुरती रेंज नसली तरी संदेश कधीकधी जातो. फोन चाललाच नाही तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.