मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

आमचे आजोबा ९५ वर्षांचे आहेत. जन्मभर तंबाखू खाल्ली, काही झालं नाही. मग तंबाखू वाईट कशी?

आजोबा दिसतात, कारण ते उरले. त्याच पारावर, त्याच चंचीतून खाऊन साठीच्या आत गेलेले सांगायला येत नाहीत. वयही एकदा पडताळा. कागदावर १ जून असेल तर ती तारीख बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा थोरलं मूल केवढं होतं, ते विचारा. आज ९५ असतील, तर तेव्हा आजोबांनी चाळिशी ओलांडलेली हवी.

घरात कोणी मिश्री लावत असेल तर तीही तंबाखूच, दात घासायची पूड नव्हे. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याने आरशासमोर आ करून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहावं. जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवायला जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

आई सत्तरीची, वजन ४५ किलो. भाकरी, आमटी, भाजी असं साधं जेवण. तरी गळून जाते. टॉनिक द्यावं का?

आधी हिशोब. या वयात किलोमागे किमान १ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे रोज ४५ ग्रॅम. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत जेमतेम ५ ग्रॅम. तीन भाकरींचे १५, दोन वाट्या पातळ आमटीचे ५, चहातलं दूध आणि भाजी-भात मिळून आणखी ५-६. बेरीज २५च्या आसपास थांबते. पोट भरतं, पण मांडीचे स्नायू झिजत जातात. आमटी वाढवून उपयोग नाही, तिच्यात पाणीच जास्त.

रोज यात भर घाला: ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा तेवढ्याच बेसनाचं पिठलं (साधारण ६-७ ग्रॅम), ३० ग्रॅम शेंगदाणे (७), पेलाभर दूध किंवा दही (६), चालत असेल तर एक अंडं (६). दात नसतील तर शेंगदाण्यांचं कूट, मटकी मऊ शिजवून घोटलेली. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने उलट मदत होते. एवढं करूनही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासा. टॉनिकचा विचार त्यानंतर.

बीपी आहे. सैंधव चालेल ना?

नाही. तेही सोडियम क्लोराइडच, वर सहसा आयोडीन नसतं. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ. मोजायचं कसं? पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात किलोभर मीठ किमान ५० दिवस पुरायला हवं. महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात लोणचं, पापड, सुकट धरलेलंच नाही. कणकेतलं मीठ आधी बंद करा, ते कुणाला कळतही नाही. ठेचा-खारातलं सोडणं अवघड, म्हणून ते नंतर.

कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं, म्हणून विचारूनच घ्या. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

शेतात राबलेल्या वडिलांना व्यायाम कशाला?

राबत होते तोवर वेगळा व्यायाम नको होता. आता ट्रॅक्टर आला, ते ओसरीवर बसले. हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ, श्वास न कोंडता. खुर्ची भिंतीला टेकवा, सरकली तर पडतील. सुरुवातीला जमत नसेल तर हात टेकू द्या. रात्री लघवीला उठताना खाटेच्या कडेवर मिनिटभर बसून मगच उभं राहायचं, आणि अंगणात दिवा हवा.