'निनावी डेटा' म्हणावं का?

प्रायव्हसी पॉलिसीचं मराठी करताना 'अ‍ॅनॉनिमाइज्ड डेटा'ला, म्हणजे कोणाची आहे ते कळू नये म्हणून नाव वगैरे काढलेल्या माहितीला, 'निनावी डेटा' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. व्याकरणात काही चूक नाही, पण मी तरी नाही वापरणार, वाचणाऱ्याची फसगत होते त्याने.

आपण निनावी कशाला म्हणतो बघा, निनावी पत्र, निनावी फोन, निनावी तक्रार. तिथे माणसाने स्वतःहून नाव लपवलेलं असतं. इथे नाव तुम्ही नाही, कंपनी काढते, आणि जन्मतारीख, पिनकोड, काय सर्च केलं, कुठे गेलात हे सगळं जसंच्या तसं राहू शकतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या, तेव्हा तिथल्या एमआयटी विद्यापीठात शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी मतदारयादी विकत घेतली, दोन्हीतली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून पाहिले आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच नोंदी शोधून काढल्या! २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांचे सर्च नावाच्या जागी नंबर टाकून जाहीर केले, तर पत्रकारांनी थोड्याच दिवसांत एका नंबरमागची बाई शोधली, नुसतं तिने काय काय शोधलं होतं त्यावरून. आता याला निनावी कसं म्हणायचं?

म्हणून माझ्या मते दोन वेगळे शब्द हवेत. नुसतं नाव गाळलं किंवा त्याजागी नंबर टाकला असेल तर 'नाव काढलेला डेटा', आणि इतर माहितीशी जुळवूनही माणूस सापडणार नाही इतकं काम केलं असेल तरच 'ओळख पुसलेला डेटा'. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्यासाठी २०१८ पासून लागू झालेला कायदाही हा फरक करतो, नंबर टाकलेली माहिती तो सहसा वैयक्तिकच धरतो आणि खरोखर ओळख पुसलेली तेवढी कायद्याबाहेर ठेवतो, म्हणजे शब्द चुकला तर माणसाला आपले हक्कच कळणार नाहीत.

'अनामिक' तर नकोच, ते हुरहुरीला शोभतं.

कंपनी नक्की काय करते हे मूळ मजकुरावरून कळत नसेल तर आधी त्यांनाच विचारा, आणि धड उत्तर नाही मिळालं तर सरळ 'नाव काढलेला' लिहा.