३०० किलोमीटरला विमान १ तास १० मिनिटं का घेतं?

प्रश्न : दोन छोट्या एअरपोर्टमधलं अंतर नेटवर बघितलं तर एका साइटवर ३००, दुसरीकडे १८६ आणि तिसरीकडे चक्क १६२ दाखवतंय. फ्लाइट टाइम ३६ मिनिटं लिहिलाय आणि तिकिटावर मात्र १ तास १० मिनिटं. धरायचं काय?

उत्तर : अहो तिन्ही आकडे बरोबरच आहेत, युनिट फक्त वेगळं. ३०० किलोमीटर म्हणजे १८६ मैल आणि १६२ नॉटिकल मैल, विमानवाले नॉटिकल मैलातच बोलतात, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. आणि हे सगळं हवाई अंतर बरं का, रस्त्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता ती ३६ मिनिटं. साइटने सरळ भागाकार केलाय. अशा छोट्या रूटवर बरेचदा एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं असतात, वर गेल्यावर त्यांचा स्पीड ताशी ५०० किमीच्या आसपास, ३०० भागिले ५००, झाली ३६ मिनिटं! पण विमान काय गेटपासूनच त्या स्पीडने सुटत नाही ना. तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, विमान पार्किंगमधून हललं की घड्याळ सुरू आणि तिकडे चाकांना ठोकळे लागले की बंद, त्यात टॅक्सी म्हणजे विमानाचं जमिनीवर चाकांवर चालत जाणं आलं, वर चढणं आलं, खाली उतरणं आलं. शिवाय उतरायचं ते वाऱ्याच्या तोंडावर, त्यामुळे कधीकधी एअरपोर्ट खाली दिसत असतो तरी वळसा घालून रनवेच्या पलीकडच्या टोकाकडून यावं लागतं. आणि छोट्या एअरपोर्टची खरी गंमत पुढेच आहे, बऱ्याच ठिकाणी रनवेला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला ये-जा करायचा वेगळा रस्ताच नसतो, मग विमान उतरतं, टोकाला जाऊन यू टर्न मारतं आणि त्याच रनवेवरून रमतगमत परत येतं, तोवर मागचं विमान आकाशात घिरट्या घालत बसतं. एअरलाइनवाले हे सगळं धरून वर थोडी मिनिटं जास्तच लावतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचलो म्हणायला मोकळे!

माझा ढोबळ हिशोब असा, भागाकार करायचा आणि वर अर्धा तास टाकायचा. तुमचं ३६ अधिक ३० म्हणजे १ तास ६ मिनिटं, आलं की तिकिटाच्या जवळ.

प्रश्न : मग जेट असेल तर निम्म्या वेळात पोचू का? आणि जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा का असतो?

उत्तर : निम्म्या वेळाचं विसरा. ताशी ८०० धरलं तर भागाकार २२ मिनिटांवर येतो, पण वरचा अर्धा तास काही सुटत नाही, म्हणजे वाचली जेमतेम १४ मिनिटं. त्यात बऱ्याच ठिकाणी १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैलांची मर्यादा असते आणि एवढ्या कमी अंतरात जेट धड वर पोचतंय न पोचतंय तोवर उतरायची वेळ होते, म्हणून तर छोट्या रूटवर पंख्याची विमानं परवडतात, इंधन कमी पितात. अंतर हजारच्या पुढे गेलं की मग जेटचा फायदा दिसायला लागतो.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्याचा. समोरून ताशी ५० किमीचा वारा असेल तर तुमच्या ३६ ची ४० होतात, पाठीमागून असेल तर ३३. पण फरक तासाभराचा दिसला तर वाऱ्याला दोष देऊ नका, तिकिटावर दोन्हीकडचे वेळ स्थानिक असतात, टाइम झोन बदलतोय का ते आधी बघा.