बागेतल्या मॉडेल रेल्वेचे रूळ काँक्रीटला स्क्रूने पक्के जखडावेत का?

नाही, काँक्रीटचा पाया जरूर घालावा, पण रूळ त्यावर बारीक खडीत मोकळेच बसवावेत. याचे कारण उष्णतेने होणारे प्रसरण हे आहे: पितळी रुळाच्या प्रसरणगुणांकानुसार (दर अंश सेल्सिअसला सुमारे १९ दशलक्षांश) पहाट आणि भर दुपार यांच्यात रुळाच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर १० मीटरचा सरळ रूळ जवळजवळ ६ मिलिमीटरने लांबतो आणि ही वाढ सामावायला जागा नसली की तो कडेला फुगतो किंवा स्लीपरवरच्या (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवरच्या) प्लास्टिकच्या पकडी तोडतो. वळणावर हा त्रास कमी, कारण वळण थोडे बाहेर सरकून ताण पचवते. खडी कोनेदार, ३ ते ६ मिलिमीटरची असावी. गोल गोटे दिसायला देखणे असले तरी एकमेकांत अडकत नाहीत आणि रूळ सरकतो. सरळ मार्गात सांध्यांवर थोडी फट ठेवावी. मात्र वीज रुळांतूनच जाणार असेल, तर सैल सांध्याला लवचीक तांब्याच्या तारेचा जोड डाखावा. अपवाद पुलाचा आणि रूळबदलाच्या काट्यांचा: तेथे मार्ग जागचा हलून चालत नाही, म्हणून तो एका ठिकाणी बांधून दोन्ही टोके मोकळी सोडावीत.