उपासना कन्नडमध्ये, मग मनन कशावर करू?

प्रश्न : सलाम, बाई. माझं माहेर खानापूर तालुक्यात, लग्न होऊन बेळगावला आले. माहेरी मराठी उपासना होती, सासरच्या चर्चमध्ये सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड बाजारापुरतं येतं. मोबाइलवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावरची वचनं येतात. वाचते आणि चहा होईपर्यंत विसरते. विश्वासात वाढ होईल असं मराठीत काय वाचू? मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, मराठी वाचायचा त्यांना कंटाळा. त्यांचं काय करू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : सलाम, मुली. गुलाबावरचं वचन खोटं नसतं, पण मागचंपुढचं कापलेलं असतं. कोण बोलतंय, कुठल्या संकटात बोलतंय हे कळत नाही, मग ते मनात मुरणार कसं? म्हणून आधी एक पुस्तक सलग घे. मार्ककृत शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि पहिल्या ओळीपासून धावत सुटतं. रोज अर्धा अध्याय पुरे. अडलं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ जवळ ठेव. मराठी आजची आहे. २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण प्रोटेस्टंट, तेव्हा ‘ते कॅथलिकांचं’ म्हणून सासूबाई कुरकुरल्या तर कुरकुरू देत. वसईच्या फादरांचं मराठी आपल्याला बाटवत नाही.

मन कोरडं पडलं असेल त्या दिवशी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र काढ. सहाच ओव्या... ओव्या नव्हे, सहा वचनं. माझी शाळेतली सवय. ‘किती वेळ’ असा देवाशी सरळ भांडणाचा सूर आहे. देवापुढे कुरकुर करायला शास्त्रातच जागा ठेवली आहे, हे आपल्या प्रार्थनासभांमधून फारसं सांगत नाहीत.

आता माझी खरी शिफारस. उपदेशाच्या पुस्तकांनी माझा विश्वास कधी फारसा वाढला नाही, माणसांच्या आयुष्यांनी वाढला. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाच. वाचनालयात मिळेल. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी सोवळंओवळं लगेच सुटलं नाही. वादात हरवून त्यांना कुणी ख्रिस्ताकडे आणलं नाही. त्या स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या वेळेने आल्या. ‘नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली’ असं सांगणाऱ्यांनी पुस्तक उघडलेलं नसतं. शिवाय हसू किती येतं! टिळकांच्या विसराळूपणावर आणि उधळेपणावर बाई जे लिहितात, ते वाचताना दार लावून घे, नाहीतर घरचे विचारतील काय झालं म्हणून. तुझ्यासारखी, नव्या घरात आणि नव्या चर्चमध्ये जागा शोधणारी बाई या पुस्तकात एकटी राहत नाही.

आणि आपल्याच गावचे बाबा पदमनजी. १८३१ साली बेळगावात जन्मले. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, विधवांच्या हालांविषयी. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बरेचजण त्याचंच नाव घेतात. त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’. त्यातला जुन्या धर्मावरचा खंडनमंडनाचा भाग मला आज जड जातो, तो खुशाल ओलांड. पण कॅम्पातून जाता-येता हा माणूस इथलाच होता हे आठवलं तरी बरं वाटतं. फादर स्टीफन्स यांचं १६१६ चं ‘ख्रिस्तपुराण’ मात्र इतक्यात नको. चारशे वर्षांपूर्वीची मराठी, सोबत कुणी जाणकार हवा.

महिन्याला ताजं काही हवं तर ‘ज्ञानोदय’ची वर्गणी भर. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं मासिक आहे. टिळकही त्याच्या संपादनात होते.

मुलांना वाचायला बसवू नकोस, गायला बसव. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं टिळकांचं एक गीत महिनाभर रोज रात्री म्हणा. ताल धरला की शब्द आपोआप तोंडी येतात, अर्थ मागाहून विचारतील. त्यांना मराठी वाचायला लावण्यावरून घरात रोज रडारड होणार असेल, तर तो हट्ट सोड.

राहिलं कन्नड. शुक्रवारी पाळकसाहेबांना फोन करून रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेत वाचायचा बायबलमधला उतारा, कोणता ते विचार. शनिवारी रात्री तो मराठीतून दोनदा वाच. रविवारी कन्नड बायबल मांडीवर उघडं ठेव, बोट ओळीवर. कथा आधीच ठाऊक असल्याने निम्मं प्रवचन कळेल. न कळलेलं घरी येताना नवऱ्याला विचार. त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं की नाही, तेही समजेल.